पाटी बदलली, परवाना कोणाचा? वीज-पाण्याच्या सेवेत बदल होताना आयोगाची मंजुरी केव्हा लागते

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटईचा कारखाना आणि यावल तालुक्यात केळीची बाग असलेल्या एका उद्योजकांनी मला तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या भागातील वीजवितरण खासगी कंपनीकडे देण्याची चर्चा त्यांच्या कानावर आली आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या परवानगीवाचून असे करता येते का, हा पहिला प्रश्न. साक्री तालुक्यातील एका पवनऊर्जा प्रकल्पात त्यांचा आणि आणखी काही कारखानदारांचा सामायिक हिस्सा आहे आणि प्रकल्पाचा मुख्य मालक आपला वाटा विकायला निघाला आहे. त्याला कोणाची मंजुरी लागेल, हा दुसरा. आणि बागेच्या फिडरची, म्हणजे उपकेंद्रातून वीज आणणाऱ्या वाहिनीची, वेळ न सांगता बदलली, विचारायला गेल्यावर ‘वरून आदेश आहे’ एवढेच उत्तर मिळाले. अशा बदलाला काही मंजुरी असते की नाही, हा तिसरा.

मी वीजवितरणात तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली, त्यातील बरीच धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत. निवृत्तीनंतर ग्राहकांच्या बाजूने तक्रार निवारण मंचापुढे आणि आयोगापुढे उभा राहतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यावर एक गोष्ट पक्की लक्षात आली, ती आधीच सांगतो. बदल डोळ्यांना किती मोठा दिसतो यावर मंजुरीची गरज ठरत नाही. परवाना कोणाच्या नावावर आहे, ग्राहकाकडून घ्यायचा पैसा बदलतो का आणि कायद्यापुढे जबाबदार कोण राहतो, या तीन गोष्टींपैकी एखादी हलली तर मंजुरीचा प्रश्न येतो. म्हणूनच एका अख्ख्या शहराचा कारभार दुसऱ्याच्या हाती जातो आणि आयोगाच्या परवानगीची गरज पडत नाही, पण मीटर तपासणीचे शुल्क पन्नास रुपयांनी वाढवायचे म्हटले तर आयोगाच्या दारात जावे लागते. हे ऐकून लोक चक्रावतात, पण कायद्याची रचनाच तशी आहे.

मालकीसंबंधीचा मुख्य नियम विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १७ मध्ये आहे. एका परवानाधारकाला दुसऱ्या परवानाधारकाची वीजयंत्रणा विकत किंवा अन्य मार्गाने ताब्यात घ्यायची असेल, किंवा आपली यंत्रणा त्याच्या यंत्रणेत विलीन करायची असेल, तर आयोगाची पूर्वमंजुरी लागते. मात्र दोन्ही यंत्रणा वेगवेगळ्या राज्यांत असतील तर ही अट लागू होत नाही. आपला परवाना दुसऱ्याच्या नावे करणे, किंवा यंत्रणा वा तिचा काही भाग विक्री, भाडेपट्टा, अदलाबदल अशा कोणत्याही मार्गाने दुसऱ्याला देणे, यालाही पूर्वमंजुरी लागते. यंत्रणा या शब्दात तारा आणि उपकरणांबरोबर त्यांना लागून असलेली जमीन, इमारती आणि साहित्यही येते. संपादनाची किंवा विलीनीकरणाची मंजुरी मिळवण्यापूर्वी त्या क्षेत्रातील इतर पारेषण व वितरण परवानाधारकांना किमान एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. या कलमाचा खरा दात शेवटच्या पोटकलमात आहे : पूर्वमंजुरीवाचून केलेला करार रद्दबातल ठरतो. दंड भरून तो नियमित करून घेता येत नाही. दंडाची तरतूद वेगळी आहे. कलम १४२ खाली प्रत्येक उल्लंघनासाठी एक लाख रुपयांपर्यंत आणि उल्लंघन चालूच राहिले तर दिवसाला सहा हजार रुपयांपर्यंत दंड होतो. मोठ्या व्यवहारांत या दंडाची भीती कोणाला वाटत नाही. करार शून्यवत ठरण्याची मात्र वाटते, कारण त्या कागदावर बँक कर्ज देत नाही.

हे कलम पूर्णपणे लागू झाल्याचे ठळक उदाहरण मुंबईचे आहे. उपनगरांतील रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरचा वीज व्यवसाय अदानी समूहाकडे जाण्याचा करार डिसेंबर २०१७ मध्ये झाला, पण प्रत्यक्ष ताबा ऑगस्ट २०१८ मध्ये गेला. मधल्या काळात महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे याचिका होती. परवाने आधी त्याच समूहातील एका स्वतंत्र कंपनीच्या नावे करायचे आणि मग त्या कंपनीचे भागभांडवल खरेदीदाराला द्यायचे, अशी ती दोन टप्प्यांची रचना होती. जून २०१८ मध्ये आयोगाने मंजुरी दिली, त्यानंतरच व्यवहार पूर्ण झाला. म्हणजे तारा त्याच, वायरमन तेच, बिलाचा नमुनाही जवळपास तोच, तरीही मंजुरी अनिवार्य, कारण परवान्यावरचे नाव बदलत होते.

आता जळगावकडे वळतो. २०११ मध्ये जळगाव शहर व परिसराचे वितरण महावितरणने फ्रँचायझी पद्धतीने क्रॉम्प्टन ग्रीव्हज या कंपनीकडे दिले आणि २०१५ मध्ये तो करार संपून कारभार पुन्हा महावितरणकडे आला. त्या चार वर्षांत बिलावर, गाड्यांवर आणि कार्यालयाच्या पाटीवर वेगळे नाव होते. त्या काळात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने माझ्यासमोर एका वाक्यात विषय संपवला होता : ‘पाटी बदलनी, तार तीच शे.’ कायद्याच्या दृष्टीनेही त्याचे म्हणणे बरोबर होते. जळगावचा परवाना एक दिवसही महावितरणच्या हातून गेला नाही. कलम १४ मधील एका परंतुकानुसार, वितरण परवानाधारकाला आपल्या क्षेत्रातील एखाद्या भागाचे वितरण दुसऱ्या व्यक्तीमार्फत करायचे असेल, तर त्या व्यक्तीला आयोगाकडून वेगळा परवाना घ्यावा लागत नाही आणि वितरणाची जबाबदारी मूळ परवानाधारकावरच राहते. २००७ मध्ये भिवंडीत टोरेंट पॉवर आली ती याच वाटेने आणि मार्च २०२० मध्ये आपल्या शेजारच्या मालेगावात कोलकात्याच्या सीईएससी समूहाची कंपनी आली तीही याच वाटेने.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे : फ्रँचायझी नेमायची असेल तर आयोगाची पूर्वमंजुरी लागत नाही; निविदा काढून परवानाधारक आणि फ्रँचायझी यांच्यात करार होतो. पण ‘मंजुरी लागत नाही’ याचा अर्थ ‘आयोगाचा संबंध उरत नाही’ असा कोणी काढू नये. फ्रँचायझीला वेगळा दर लावता येत नाही. महावितरणसाठी मंजूर झालेला दरच जळगावात, भिवंडीत आणि मालेगावात लागतो. पुरवठा संहिता, सेवेची मानके, नुकसानभरपाई, तक्रार निवारण मंच, विद्युत लोकपाल हे सर्व तसेच लागू राहते. मंचापुढील तक्रारीत नेहमी परवानाधारकाला प्रतिवादी करावे, फ्रँचायझीला फार तर सोबत जोडावे. केवळ फ्रँचायझीविरुद्ध केलेल्या तक्रारी त्यांच्या आपसातील कराराच्या वादात कशा अडकतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. सुरक्षा ठेवीच्या जुन्या पावत्याही जपून ठेवाव्यात, कारण ठेव परत करण्याचे कायदेशीर बंधन परवानाधारकावर असते. पाटी कोणाची होती याने त्यात फरक पडत नाही.

एक सूक्ष्म मुद्दा मात्र आहे. करारावर ‘फ्रँचायझी’ असे शीर्षक आहे म्हणून तो फ्रँचायझीच असतो असे नाही. आतील अटींनुसार यंत्रणा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली जात असेल, मालमत्तेवरील हक्क सरकत असतील आणि परवानाधारकाला देखरेखीचा अधिकारच उरत नसेल, तर माझ्या मते तो व्यवहार कलम १७ खालचे हस्तांतरण ठरतो, मग त्याला नाव काहीही द्या. असा आक्षेप घ्यायचा असेल तर संपूर्ण करार हाती हवा. वर्तमानपत्रातील बातमीवर आयोगापुढे उभे राहता येत नाही.

परवानाच नव्याने मागितला जातो तेव्हा चित्र पूर्ण बदलते. ऑक्टोबर २०२२ मध्ये अदानी समूहाच्या कंपनीने नवी मुंबई आणि लगतच्या भागासाठी समांतर वितरण परवान्याचा अर्ज आयोगाकडे केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याविरुद्ध राज्यभरातील वीज कर्मचाऱ्यांनी संप पुकारला, हे अनेकांना आठवत असेल. एकाच क्षेत्रात दुसरा परवानाधारक स्वतःच्या वितरण यंत्रणेद्वारे येऊ शकतो, अशी कायद्यात तरतूद आहे. पण त्यासाठी अर्ज केल्यापासून सात दिवसांत जाहीर नोटीस, तीस दिवसांत हरकती आणि मग आयोगाचा निर्णय ही वाट चालावीच लागते. उलट दिशेचे उदाहरण नगर जिल्ह्यातील आहे. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेच्या परवान्याची मुदत संपल्यावर २०११ मध्ये ते क्षेत्र महावितरणकडे आले, तेही आयोगाच्या निर्णयाने. या दोन्ही प्रसंगी सामान्य ग्राहकाला हरकत नोंदवण्याचा हक्क होता, तो फ्रँचायझी नेमताना नसतो. खरा फरक इथे आहे आणि आंदोलने करताना नेमका हाच विसरला जातो.

२००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती अशा कंपन्या झाल्या, तेव्हा आयोगाने कलम १७ खाली मंजुरी दिली होती का, असेही मला काही जण विचारतात. नव्हती आणि लागतही नव्हती. कलम १३१ नुसार राज्य शासनाने हस्तांतरण योजना अधिसूचित केली आणि मालमत्ता, कर्जे, कर्मचारी असे सर्व त्या योजनेने नव्या कंपन्यांकडे गेले.

दुसऱ्या प्रश्नाकडे येण्यापूर्वी परवाना आणि शेअर यांतील भेद समजून घ्यावा लागेल. धुळ्याजवळचे ७६५ केव्हीचे उपकेंद्र भोपाळ-धुळे ट्रान्समिशन कंपनीचे आहे. ती मुळात स्टरलाइट समूहाची कंपनी. २०१७ मध्ये ती इंडिया ग्रिड ट्रस्ट या शेअर बाजारात नोंदलेल्या गुंतवणूक न्यासाकडे गेली. परवाना भोपाळ-धुळे कंपनीच्याच नावावर राहिला, बदलले ते तिच्या शेअरचे मालक. कलम १७ मध्ये ‘शेअर’ हा शब्द नाही. अशा वेळी उत्तर तीन ठिकाणी शोधावे लागते : परवान्याच्या अटींत, ज्या बोलीने प्रकल्प मिळाला तिच्या करारात आणि कर्ज देणाऱ्या बँकांच्या करारात. स्पर्धात्मक बोलीच्या पारेषण प्रकल्पांत मूळ विजेत्याने काही वर्षे किमान ५१ टक्के भागभांडवल स्वतःकडे ठेवावे, अशी अट सर्रास असते. आणि गंमत अशी की याच पारेषण कंपन्यांना परवाना व यंत्रणा बँकेकडे तारण ठेवायची असेल, तर त्यासाठी मात्र केंद्रीय विद्युत नियामक आयोगाकडे कलम १७ खाली रीतसर याचिका करावी लागते. बँकेने पुढे ते तारण वसूल करून यंत्रणा आणखी कोणाला द्यायची ठरवली, तर पुन्हा मंजुरी लागते.

वीजनिर्मितीला तर परवानाच लागत नाही. कलम ७ ने ती परवानामुक्त केली आहे. म्हणून भुसावळजवळचे दीपनगरचे औष्णिक केंद्र असो की साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या, त्यांचा मालक ‘परवानाधारक’ नसल्याने केवळ मालकी बदलली म्हणून कलम १७ लागू होत नाही. पवनऊर्जा प्रकल्पाच्या मुख्य मालकाला वाटा विकण्यासाठी आयोगाकडे जावे लागणार नाही. इथपर्यंतचे उत्तर सोपे आहे आणि ते ऐकून निर्धास्त होणारे उद्योजकच पुढे अडचणीत येतात.

कारण या प्रकल्पातील वीज आपण कॅप्टिव्ह म्हणून, म्हणजे स्वतःच्या वापरासाठीची म्हणून घेत आहात. वीज नियम २००५ मधील नियम ३ नुसार वीज वापरणाऱ्यांकडे एकत्रितपणे किमान २६ टक्के मालकी हवी आणि वर्षभरात निर्माण झालेल्या विजेपैकी किमान ५१ टक्के वीज त्यांनीच, आपापल्या मालकीच्या प्रमाणात, वापरलेली हवी. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गायत्री शक्ती पेपरच्या प्रकरणात या कसोट्या काटेकोरपणे लावल्या आहेत. ही पात्रता दरवर्षी तपासली जाते. ती टिकली तर क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे स्वस्त दराच्या ग्राहकांच्या सवलतीची भरपाई म्हणून बाहेरून वीज घेणाऱ्यांवर बसणारी रक्कम, लागत नाही, आणि महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅप्टिव्ह वापरकर्त्यांना अतिरिक्त अधिभारही लागत नाही असे स्पष्ट केले आहे. ती ढळली तर त्या संपूर्ण वर्षाच्या विजेवर अधिभार बसतो आणि कॅप्टिव्हची सगळी बचत त्यात वाहून जाते. खरेदीदाराने वाटा घेताना शेअरची नव्याने मांडणी केली, मतदानाचा हक्क नसलेले शेअर काढले किंवा आपल्यातील एखादा कारखाना बाहेर पडला, तर २६ टक्क्यांचे गणित सहज बिघडते. म्हणून विक्रीपूर्वी भागधारकांच्या करारात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : वापरकर्त्यांची मालकी कोणत्याही परिस्थितीत कसोटीच्या खाली जाणार नाही, आणि खरेदीदाराच्या कृतीने पात्रता गेली तर अधिभार तो भरेल. त्याखेरीज खुल्या वापराची, म्हणजे दुसऱ्याच्या तारांवरून वीज आणण्याची, परवानगी कोणत्या नावाने आहे, ते पाहावे. प्रकल्पाची काही वीज महावितरणला विकली जात असेल, तर वीज खरेदी कराराचे हक्क दुसऱ्याच्या नावे करण्यासाठी महावितरणची लेखी संमती लागते का, हेही पाहावे. वीज खरेदी करारांवर आयोगाची देखरेख असते, त्यामुळे करारातील मूळ अटी किंवा दर बदलणार असतील तर विषय पुन्हा आयोगापुढे जातो.

तिसरा प्रश्न सेवेतील बदलाचा. कशाला मंजुरी लागते हे आधी सांगतो. वीजदर, ग्राहकांचे वर्गीकरण, स्थिर आकार, दिवसाच्या वेळेनुसार लागणारा दर यांत आयोगाच्या आदेशाशिवाय पैशाचाही फरक करता येत नाही. दर ठरवणारी याचिका आली की तिचा सारांश वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होतो, सूचना-हरकती मागवल्या जातात आणि जाहीर सुनावणी होते. खान्देशातील ग्राहकांना त्यासाठी सहसा नाशिक गाठावे लागते. इंधन समायोजन, म्हणजे इंधनाच्या खर्चानुसार होणारा फेरफार, वगळता वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा दर सहसा बदलता येत नाही. नवीन जोडणी, भारवाढ, मीटर तपासणी, नाव बदलणे अशा कामांची शुल्केही आयोगाने मंजूर केलेल्या तक्त्याप्रमाणेच घ्यावी लागतात.

या शेवटच्या बाबतीतला एक अनुभव सांगण्यासारखा आहे. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी डाळमिलवाल्यांकडून भारवाढीच्या अर्जासोबत ‘स्थळ तपासणी’च्या नावाने एक रक्कम घेतली जात होती. पावती रीतसर, कार्यालय सरकारी, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. मी फक्त एवढेच विचारले की ही रक्कम मंजूर तक्त्यात कोणत्या क्रमांकावर आहे. आधी सांगण्यात आले की परिपत्रक आहे. परिपत्रक मागितले तर ते एका बैठकीचे इतिवृत्त निघाले. मंचाने रक्कम परत करायला लावली. परिपत्रक, इतिवृत्त, तोंडी आदेश यांपैकी कशानेही आयोगाच्या मंजुरीची जागा भरून निघत नाही, आणि कार्यालयातील पुष्कळ लोकांना हे खरोखरच ठाऊक नसते. नोकरीत असताना मलाही ते उशिराच उमगले.

फिडरच्या वेळा मात्र मधल्या प्रदेशात येतात. तांत्रिक बिघाड, देखभाल, फिडरवरील भार दुसरीकडे वळवणे ही परवानाधारकाची रोजची कामे आहेत. त्यांना मंजुरी लागत नाही, फक्त पूर्वसूचना आणि सेवेची मानके पाळावी लागतात. भारनियमन हे वेगळे. वीज कमी असताना ती कोणाला किती तास बंद करायची, हा न्याय्य वाटपाचा प्रश्न असल्याने त्याची तत्त्वे आयोग ठरवून देतो. वीजहानी आणि वसुली यांवरून फिडरांचे गट पाडण्याची पद्धत आपल्याकडे आली ती आयोगाच्या आदेशांतूनच. शेतीच्या फिडरला आळीपाळीने दिवसा आणि रात्री वीज देण्याचे वेळापत्रक परवानाधारक आखतो. अलीकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभे राहिले, तिथे फिडर दिवसाच्या पुरवठ्यावर नेले जात आहेत. त्या प्रकल्पांचा वीज खरेदी दर आयोग स्वीकारतो, पण यावलच्या अमुक फिडरची वेळ नऊची की दहाची, हे आयोग ठरवत नाही. तेव्हा आपल्या बागेच्या बाबतीत ‘आयोगाची मंजुरी दाखवा’ हा प्रश्न चुकीच्या दारावरची थाप ठरेल. वेळापत्रकाची प्रत लेखी मागावी, एकूण तास कमी झाले आहेत का ते तपासावे आणि कमी झाले असतील तर तो भारनियमनाचा विषय म्हणून मंचापुढे न्यावा. मे महिन्यात केळीला चार दिवस पाणी चुकले की घड भरत नाही, हे मंचाला सांगायला संकोच करू नये. नुकसान किती झाले हे ठरवताना ते उपयोगी पडते.

पाण्याबद्दल आपण विचारले नाही, तरी कारखाना आणि बाग दोन्ही असल्याने थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण २००५ च्या कायद्याने स्थापन झाले असून सिंचन, घरगुती आणि औद्योगिक वापरासाठी धरणातून घाऊक पाणी कोणत्या दराने द्यायचे ते ठरवते. हतनूर धरणाचे पाणी शेतीकडून उद्योगाकडे वळवायचे असेल तर तो क्षेत्रीय वाटपाचा बदल ठरतो आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर त्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाकडे गेला आहे. याउलट वाघूर धरणातून जळगाव शहराला येणाऱ्या पाण्याची नळपट्टी किती असावी, हा महापालिकेचा विषय आहे. त्यावर विजेसारखा स्वतंत्र नियामक नाही.

आता लगेच करण्यासारखी कामे. महावितरणच्या मुख्य कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करून आपल्या विभागासाठी फ्रँचायझीची निविदा किंवा प्रस्ताव आहे का, असल्यास कराराचा मसुदा द्यावा, अशी मागणी करावी. मसुद्यातील मालमत्ता आणि करारसमाप्ती यांविषयीची कलमे मला पाठवावीत. त्यावरून कलम १७ चा मुद्दा उभा राहतो की नाही ते सांगता येईल. पवनऊर्जेच्या बाबतीत ३१ मार्चपूर्वी भागधारकांची यादी आणि प्रत्येकाचा वर्षाचा वापर यांचा तक्ता तयार ठेवावा. आणि आयोगाचा एखादा आदेश आपल्या विरुद्ध गेलाच, तर प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत दिल्लीच्या विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे अपील करावे लागते. विलंबाचे समर्थनीय कारण असेल तरच पुढे सवलत मिळते.